हात सुटण्याआधीचं वाक्य

साळूबाईवर मला तालमीच्या पहिल्याच आठवड्यात संशय आला. पस्तीस वर्षं मास्तरकी केली आहे. पाठ न केलेलं पोर कोणतं आणि पाठ असून मुद्दाम गप्प बसलेलं कोणतं, हे मला चेहऱ्यावरून कळतं.

माझी भाची प्रणिता नगरला नाटकं करते. महिलांच्या स्पर्धेसाठी आमच्या कोल्हारच्या बायकांना घेऊन तिनं एक अडीच हजार वर्षांपूर्वीचं ग्रीक नाटक बसवायला घेतलं. मूळ नाटकात पुरुषांची लढाई थांबेपर्यंत बायका नवऱ्यांना जवळ येऊ देत नाहीत. आमच्याकडे लढाईच्या जागी दोन गावांचं कालव्याच्या पाण्यावरून भांडण आलं, आणि बायका घरं सोडून देवळात जाऊन बसल्या. विंगेत उभं राहून विसरलेलं वाक्य पुरवायचं काम माझ्याकडे.

नाटकात एका गावची पुढारीण साळूबाई, दुसऱ्या गावची छबूबाई. खऱ्या आयुष्यात दोघी सख्ख्या बहिणी, एकाच मांडवात दोन सख्ख्या भावांना दिलेल्या. पुढे साळूबाईचा नवरा कानिफनाथ आणि छबूबाईचा भिमाजी हे भाऊ बांधावरून कोर्टात गेले आणि घरच्यांनी बहिणींचं बोलणंही बंद केलं. त्याला चार वर्षं झाली. कानिफनाथानं साळूबाईला नाटकात येऊ दिलं ते एकाच गोष्टीवर. "तिच्या इरोधात हुभी ऱ्हानार ना? मंग जाऊ द्या."

तरी त्याला चैन नव्हतं. रोज दुपारी तालमीच्या वेळी शाळेच्या खिडकीशी मोटारसायकल लावून बसायचा.

"गुरुजी, काय बोलत्यात वो त्या दोघी?"

"नाटकातलंच."

"लई हळू बोलत्यात."

खटकत मलाही होतं, पण मी त्याला ताकास तूर लागू दिली नाही.

शपथेच्या प्रसंगात दोघींनी हात हातात घ्यायचे. साळूबाईनं म्हणायचं, "भांडण मिटल्याबिगर घरचा उंबरा वलांडायचा न्हाई," आणि हात सोडून दोघींनी आपापल्या गावच्या देवळाकडे निघायचं. नेमकं तेवढंच वाक्य तिला येईना. हळदीची गाणी तासभर न अडखळता म्हणणारी बाई ही! मी पुरवलं की कपाळाला हात लावायची, "इसरले बगा." मग प्रणिता प्रसंग पहिल्यापासून घ्यायची. मला वाटलं, नवऱ्यानंच हिला नाटक मोडायला पाठवलंय, नाहीतर भिमाजीच्या घरातली बातमी काढायला. "हिला काढ," असं मी प्रणिताला दोनदा सांगितलं. तिनं ऐकलं नाही.

श्रीरामपूरला स्पर्धेतला प्रयोग झाला तेव्हा कानिफनाथ पहिल्या रांगेत होता. शपथ आली, दोघींनी हात धरले आणि साळूबाई गप्प झाली. मी वाक्य पुरवलं. गप्पच. पुन्हा, जरा मोठ्यानं पुरवलं. छबूबाईच्या डोळ्यांना धार लागली होती. कानिफनाथ खुर्चीतून अर्धा उठला होता. माझं डोकंच फिरलं. विंगेच्या अगदी कडेला सरकून मी दातओठ खात म्हणालो, "अहो बाई, एकच तर वाक्य आहे!"

तिनं मान वळवली नाही. ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाली, "ठावं हाय मला, गुरुजी. पयल्या दिसापास्नं ठावं हाय. म्हनलं का हात सोडावा लागतोय. उद्यापास्नं तालीम न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोरच्या विंगेतून प्रणिता हातवारे करत होती. मी वही मिटली आणि तिच्याकडे पाहिलंच नाही.