उतरून राम राम

तापीकाठच्या आमच्या लालबागेतल्या एका कापसाच्या दलालाने घोडा विकून फटफटी घेतली, पण घोड्यावरची रीत काही सोडली नाही. वडीलधारं माणूस पायी येताना दिसलं की तो खाली उतरायचा आणि हात जोडून म्हणायचा, "राम राम, बाबा." घोड्यावरून उतरलं तरी घोडा बंद पडत नाही. ही फटफटी मात्र बंद पडायची, आणि मग ढकलल्याशिवाय हलायची नाही.

मी शाळेत शिकवायला जाताना पुष्कळदा त्याच्या मागे बसायचो. पोटरी भाजायची, कंबर खिळखिळी व्हायची, दातांत धूळ करकरायची. पण रस्ता मोकळा मिळाला की तापीवरचा वारा सदऱ्यात भरायचा, आणि लाटसाहेब तो आपणच, असं वाटायचं. तेवढ्यात कुणीतरी आजोबा समोरून यायचे. मग लाटसाहेब ढकलायला लागायचे.

"अरे, बसल्या बसल्या कर ना राम राम!" मी एकदा चिडून म्हणालो.

"असं कसं, मास्तर? ते पायी चालणार अन् मी वर बसून राहू?"

शेवटी म्हाताऱ्यांनाच त्याची दया आली. लांबून फटफट ऐकू आली की ते शेजारच्या गल्लीत शिरायचे.

यंदा मी पेन्शनीत निघालो. परवा तापीच्या राजघाटावरून पायी येत होतो, तर मागून फटफट आली आणि माझ्याजवळच बंद पडली. तो उतरला, हात जोडून म्हणाला, "राम राम, बाबा."

मी वळून पाहिलं. रस्त्यावर दुसरं कुणीच नव्हतं.

मग सवयीने मी ढकलायला गेलो. त्याने मला फटफटीला हात लावू दिला नाही.