अप्पांच्या खाटेखालचा ससा

दीपश्रीला ससा हवा होता असं नव्हे. हवा होता तो अनिताला. अनिता तिच्याच हायस्कुलात गणित शिकवायची आणि तिच्या धाकटीनं घरात सशाचा धोशा लावला होता. धारवाडात संगीता म्हणून एक बाई टाकून दिलेली जनावरं सांभाळतात, त्यांच्याकडे ससे आहेत असं कळल्यावर अनिता म्हणाली, "चल की माझ्याबरोबर. शनिवारी अर्धी शाळा. तेवढंच तुझं बाहेर पडणं होईल."

दीपश्रीचं बाहेर पडणं बंदच झालं होतं. तिचे वडील अप्पा, म्हणजे बाळाचार्य वकील, हुबळीच्या कोर्टात आवाजासाठी नावाजलेले. त्यांना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. म्हणजे मराठी गेलं. घरात जन्मभर बोललेली भाषा पुसली गेली आणि कोर्टातल्या कानडीचे चार-दोन शब्द तेवढे राहिले. त्यातला 'बेड', म्हणजे नको, हा सगळ्यांत पक्का. आंघोळ बेड, औषध बेड, जेवण बेड. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी.

दीपश्रीनं लग्न केलं नव्हतं. भाऊ मुकुल बेंगळुरूला. तो फोन करायचा आणि न चुकता म्हणायचा, "तू आहेस म्हणून निभतंय, अक्का." दिवसा अळणावरकडची लीला अप्पांना बघायची, पण सकाळ-संध्याकाळ आणि रात्र दीपश्रीची. उचलून बसवायचं, उचलून खुर्चीत घालायचं, उचलून परत खाटेवर. खांदे दुखायचे, ते दुखोत. ती खरी दमली होती ती 'बेड' ऐकून.

संगीताच्या घरामागच्या शेडमध्ये पाच-सहा ससे गवत खात बसले होते. संगीतानं आधीच बजावलं. "पिंजऱ्यात कोंडायचा नाही. वाळलेलं गवत सतत समोर पाहिजे. बिस्किटं नाहीत, पोळी नाही. नीट ठेवला तर आठ-दहा वर्षं जगतो. आणि पोरांचं खेळणं नव्हे हे."

अनिताचा चेहरा उतरत गेला. मुलीशी बोलून सांगते, म्हणाली ती. सांगणार नाही हे तिघींनाही कळलं.

कोपऱ्यात एक करडा ससा पाठ करून बसला होता. राखेच्या रंगाचा म्हणून संगीता त्याला बूदी म्हणायची. कुणीतरी अमरगोळच्या मार्केट यार्डात खोक्यात घालून सोडून दिला होता. "लोक बघून जातात," संगीता म्हणाली, "पण हा जवळ येत नाही. उचललेलं तर मुळीच खपत नाही. लाथा झाडतो."

"कधीच उचलायचं नाही?" दीपश्रीनं विचारलं.

"नखं कापायला, डॉक्टरकडे न्यायला. एरवी आपला आपण हिंडतो, आपला आपण खातो."

दीपश्री त्या पाठीकडे बघत राहिली. मग स्वतःच्याच कानांना खोटं वाटावं अशा आवाजात म्हणाली, "मला द्याल?"

संगीतानं लगेच होकार दिला नाही. घरी कोण असतं, विचारलं. दीपश्रीनं सगळं खरं सांगितलं. ऐकून संगीता म्हणाली, "राग मानू नका अक्का, पण तुमच्या अंगावर आधीच एवढं आहे. तुम्हीच दमलेल्या दिसताय."

"दमलेय की," दीपश्री म्हणाली. "त्याला जेवढं लागतं तेवढं करीन. त्याहून जास्त मला कुणाचं करवणार नाही. तो मागणारही नाही म्हणता."

संगीता पुढच्या आठवड्यात दाजीबानपेठेच्या मागच्या गल्लीतलं त्यांचं घर बघून गेली. लोंबत्या वायरी वर बांधायला लावल्या. खाटेवरून अप्पा म्हणाले, "बेड." संगीता त्यांच्याजवळ गेली आणि कानडीत म्हणाली, पंधरा दिवस ठेवून बघू या, नाही जमलं तर मी परत नेईन. अप्पांनी तोंड फिरवलं.

बूदी आला आणि थेट अप्पांच्या खाटेखाली शिरला. तिथून हलेना. लीला म्हणाली, "आमच्या गावाकडं ससा दिसला की लोक काठ्या घेऊन पळतात, आणि तुमी गवत विकत आणून घालताय." पण रोज सकाळी लेंड्या झाडून काढायची तीच.

दीपश्रीला वाटलं होतं, घरात एक मुका जीव आला की काहीतरी हलकं होईल. तसं काही झालं नाही. काम वाढलं तेवढं खरं. गवत संपायचं, ट्रे धुवावा लागायचा. अप्पांच्या धोतराचं टोक एकदा कुरतडून ठेवलं. शाळेतून आल्यावर ती खाटेशेजारी फरशीवर टेकायची आणि खाली अंधारात गवत चावल्याचा कुरकुर आवाज ऐकायची. तिथं कुणी तिची वाट बघत नव्हतं आणि ती उशिरा आली म्हणून कुणी रुसतही नव्हतं. एवढं मात्र तिला बरं वाटायचं.

पंधरवडा उलटला, महिना झाला. संगीतानं फोनवर विचारलं तेव्हा दीपश्री म्हणाली, "राहू दे."

मग एका रविवारी, लीलाची सुट्टी होती, बूदी सकाळचं गवत न खाता कोपऱ्यात अंग चोरून बसला. दीपश्रीला ते दिसलं. खोटं कशाला, दिसूनही तिनं कानाडोळा केला. अप्पांची आंघोळ झाली होती, चहा समोर होता, आणि आता आणखी एकाचं दुखणं बघायला तिच्यात त्राण नव्हतं. खाईल संध्याकाळी, असं तिनं मनाशी म्हटलं.

अप्पांनी डाव्या हातानं खाटेच्या दांड्यावर आपटायला सुरुवात केली. तिला वाटलं, पाणी हवं असेल. "बेड." उशी? "बेड." ते कोपऱ्याकडे बघत होते. "नोडु," ते म्हणाले. बघ. मग पुन्हा, कोर्टातल्यासारखं जोर देऊन, "नोडु, नोडु."

तिनं बघितलं. ट्रेमध्ये सकाळपासून एक लेंडी नव्हती. संगीताला फोन लावला तेव्हा ती म्हणाली, "थांबू नका. सशाचं पोट बंद पडलं की तो दिवसही काढत नाही. विद्यानगरला डॉक्टर राघवेंद्र आहेत, मी सांगून ठेवते."

"अप्पांना एकटं टाकून कशी जाऊ?"

"मी निघालेच. चिगरी बसनं येते, ती लवकर पोचते. अप्पांपाशी मी बसते, तुम्ही ससा घेऊन जा."

संगीता आली, पदर खोचून खाटेशेजारी बसली. बूदीला टोपलीत घालताना त्यानं लाथसुद्धा झाडली नाही, तेव्हा दीपश्री घाबरली.

डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, सलाइन दिलं, दुखायचं थांबावं म्हणून इंजेक्शन टोचलं आणि तिला बाहेर बसायला सांगितलं. बाहेर लाकडी बाक होता, पंखा होता. तिनं भिंतीला डोकं टेकलं ते तेवढंच आठवतं. कंपाउंडरनं हाक मारून उठवलं तेव्हा ऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला गेलं होतं. कित्येक महिन्यांत दिवसाउजेडी तिला अशी झोप लागली नव्हती. ससा आजारी असताना आपण झोपलो याची तिला लाज वाटली. पण अंग सैल झालं होतं, त्याला काय करणार.

"वेळेत आणलात," डॉक्टर म्हणाले. "दोन-तीन दिवस सिरिंजनं भरवा."

ती घरी आली तेव्हा संगीता आणि अप्पा पेज खाऊन बसले होते. अप्पांनी टोपलीकडे बघितलं आणि मग तिच्याकडे.

बूदी तिसऱ्या दिवशी खायला लागला. अप्पांची भाषा काही परत आली नाही. 'नोडु' तेवढा वाढला, आणि दिवसातून दहादा ऐकावा लागतो. त्या रविवारनंतर संगीता महिन्यातून दोनदा येऊन अप्पांपाशी बसते आणि तेवढ्या वेळात दीपश्री पलीकडच्या खोलीत दार लावून झोपते. मुकुलला तिनं एकदा स्पष्ट सांगितलं की नुसता फोन पुरत नाही. तो उन्हाळ्यात आठवडाभर येऊन राहिला, आणि अप्पांना उचलताना त्याची कंबर धरली.

परवा संगीता म्हणाली, "अक्का, एक मादी आलीय शेडमध्ये. ससे जोडीनं जास्त रमतात. घ्याल?"

दीपश्रीनं विचार केला. बूदी एकटा आहे हे तिलाही कळत होतं.

"नाही घेत," ती म्हणाली. "मला झेपणार नाही."

"बरं," संगीता म्हणाली आणि अप्पांची खुर्ची खिडकीकडे सरकवली. "जा, पडा जरा तुम्ही."