बाबांना लागलेलं कुंकू

आमच्या लालबागच्या चाळीत गणपतीतल्या नाटकात अजूनही पुरुषच बायकांची कामं करतात. गावाकडून आलेली रीत. त्या वर्षी विधवेचं काम बाबांकडे आलं. मिशी काढून, माझ्या काकीची साडी नेसून ते उभे राहिले. काका गेल्यापासून काकीला हळदीकुंकवाला कुणी बोलवत नव्हतं.

प्रवेशही हळदीकुंकवाचाच होता. सगळ्यांना कुंकू लागलं, बाबांना सोडून. ते पदराने डोळे टिपू लागले. तेवढ्यात चाळीतली सगळ्यांत मोठी आजी गणपतीपुढचा करंडा घेऊन स्टेजवर चढली आणि बाबांच्या कपाळाला कुंकू लावत म्हणाली, "रडू नको गो बाय."

सगळे हसले. माझं डोकं फिरलं. मी उठून म्हणाले, "आजी, तो माझा बाप आहे. जिची साडी आहे, ती इथे माझ्या शेजारी बसलीय."

हसणं थांबलं. आजी करंडा घेऊन खाली उतरली, थेट काकीसमोर आली. नाटक तिथेच थांबलं.

नाटकांनी काय होतं, असं कुणी नाक मुरडून म्हटलं की मी एवढंच सांगते: यंदाच्या हळदीकुंकवाला दारात करंडा घेऊन माझी काकी उभी होती.