पोहोचलेली साडी

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण पार्से गावातल्या त्या साडीचा विषय निघाला की मला अजून हसू येतं. तेव्हा मी पेडणे तालुक्यात पोलीस निरीक्षक होतो. पूर्वी ठाण्यात चारित्र्य दाखल्यासाठी येणारे बहुतेक पासपोर्टवाले असत. पुढे तुयेच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर लागणारी मुलं येऊ लागली, मग मोटरसायकलवरून पार्सलं पोहोचवणारी. दाखला नाही तर काम नाही, आणि काम बदललं की नवा दाखला.

एका सकाळी पार्से गावचे एक गृहस्थ तक्रार घेऊन आले. जत्रेत देवीची ओटी भरायला त्यांनी ऑनलाइन साडी मागवली होती. मोबाइलवर ती 'पोहोचली' होती, घरात मात्र नव्हती.

"काल दुपारी आम्ही सगळे म्हापशाला इस्पितळात. मुलगी झाली मला. आईपण तिथेच. घराला कुलूप. मग साडी घेतली कोणी?"

"आईंना विचारलंत?"

"नको साहेब. देवीची साडी चोरली म्हटलं की ती अपशकुन धरून बसेल. तिला यातलं काही कळता कामा नये."

स्टेशन डायरीत नोंद घेतली. गुन्हा मात्र लगेच दाखल केला नाही. चोरीचा गुन्हा एकदा नावावर चढला असता, तर पार्सल आणणाऱ्या पोराला पुढे दाखला मिळाला नसता.

हवालदार त्यांच्या वाड्यावर, म्हणजे आसपासच्या घरांत, चौकशी करून आला. कोणी काही पाहिलं नव्हतं. तेवढ्यात, चौकशीची बातमी कानावर गेलेल्या धारगळच्या एका दुकानदाराचा फोन आला, "तो पार्सलवाला इथेच खोली घेऊन राहतो. सामान बांधतोय, साहेब." अर्ध्या तासात तो बोचक्यासकट माझ्यासमोर होता. सिंधुदुर्गातला, विशीतला.

"पळत होतास?"

"तक्रार इली म्हणान कंपनीन आयडी बंद केल्यान. आता हंय रवान भिंती मोजू?"

"साडी कोणाला दिलीस?"

"आजयेक."

"घराला कुलूप होतं म्हणतात."

"कुलूप होता तर माका पाणी खंयसून दिल्यान? तांब्यो हातात दिल्यान, बरा गार पाणी."

"आणि तू पार्सल तिच्या हातात दिलंस?"

"नाय. तुळशीकडे ठेव म्हणाली. कोरोनापासून बरीच माणसां तशीच सांगतत."

हवालदार हसला. मी थांबलो. कोरोनाला भिणारी म्हातारी परक्या पोराला तांब्या हातात देईल कशी? पाणी दिलं, पण साडीला हात लावला नाही. म्हणजे नातीच्या जन्माची खबर तोवर तिला लागली होती. घरात सोयर आलं होतं, आणि सोयरातल्या हातांनी देवीच्या वस्त्राला कोण शिवतं? आई इस्पितळात गेली ती त्यानंतर.

मग साडी उचलली कोणी? हवालदाराने विचारलेली घरं एकाच भावकीची. सोयर त्या सगळ्यांनाच. मी हवालदाराला विचारलं, "वाड्यावर दुसऱ्या आडनावाचं घर आहे?"

"एक आसा साहेब. पोफळीच्या बागेपलीकडे. थंय मी गेलंयच नाय."

आम्ही गेलो. घरधनीण अंगणात काजू वाळत घालत होती.

"ती साडी? देवाच्या खोलीत आसा. काकीन हाक मारल्यान, म्हणाली माका सोयर इला, तू उचल. तेंच्या झिलाक सांगूक गेलंय तर घराक कुलूप."

आम्ही ठाण्यात परतल्यावर तक्रारदाराने तिथूनच आईला फोन लावला. पलीकडचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला, "पोलिसांक इचारलंस, माका इचारूक तुझा तोंड दुखलां?"

गृहस्थांनी तक्रार मागे घेतल्याचं लिहून दिलं. मी म्हटलं, आता याचा आयडी सुरू होईपर्यंत इथून हलायचं नाही. ते माझ्यासमोर बसून कंपनीला फोन लावत राहिले, मधे दोनदा चहा झाला. दुपारी त्या पोराचा मोबाइल टिंगकन वाजला, आयडी सुरू झाला होता. तो उरलेला चहा तसाच टाकून पळाला, बोचकं आमच्या बाकावर विसरून. जत्रेत शेजारणीने त्या घरच्या वतीने ओटी भरली. बारशाचं आमंत्रण मला होतं, त्यालाही होतं. तो हेल्मेट काखेत धरून उभ्याउभ्या जेवला.

पक्क्या नोकरीतल्या माणसावर आळ आला तर चौकशी संपेपर्यंत त्याची नोकरी शाबूत असते. या मुलांचं काम आधी जातं, चौकशी मागून होते. म्हणून पुढे माझ्या ठाण्यात कंत्राटी किंवा रोजंदारी माणसाविरुद्ध तक्रार आली की ती त्याच दिवशी, सगळ्यांत आधी हातात घ्यायची, असा मी नियम केला. निवृत्तीपर्यंत तो पाळला.