पोवळ्यांच्या बल्बाची खंडेनवमी

आमच्या निपाणीला समुद्र नाही, म्हणून मी तो हॉलमध्ये आणून ठेवलाय. सोफ्याएवढी काचेची टाकी, खारं पाणी, चार मासे आणि खडकाला चिकटलेली पोवळी. पोवळी म्हणजे दगड नव्हेत, जिवंत प्राणी! त्यांना उन्हासारखा कडक उजेड लागतो. तो देणारा मेटल हॅलाइड बल्ब ऐन नवरात्रात गेला. माझी पोवळी मिटून बसली, आणि बायको म्हणते, "बरं झालं, हॉल जरा गार तरी झाला." आता काय बोलायचं माणसानं?

खंडेनवमीच्या सकाळीच कोगनोळीचा नाका ओलांडून कोल्हापूर गाठलं. दुकानदारानं विचारलं, पांढरा देऊ की निळसर? निळसर उजेडात पोवळी झकास दिसतात, पण पाहुणे मेल्यासारखे दिसतात. (माझा मेव्हणा तर जिवंतपणीच तसा दिसतो, त्यामुळं त्याचा प्रश्न नव्हता.) मी निळसर घेतला. दुकानदारानं बजावलं, काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल राहिलं तर तापल्यावर बल्ब फुटतो.

घरी येऊन हे मी आईला सांगितलं, बायकोला सांगितलं, परत आईला सांगितलं. मग खोकं टेबलावर ठेवून आंघोळीला गेलो.

बाहेर येऊन बघतो तर आईनं हत्यारांची पूजा मांडलेली. पाटावर विळी, कोयता, अडकित्ता, मिक्सरचं भांडं, माझा लॅपटॉप, आणि मधोमध माझा बल्ब! पोटावर हळदीकुंकवाची पाच बोटं, डोक्यावर झेंडू!

मी असा काही भडकलो म्हणता! इतका वेळ मी काय भिंतीला सांगत होतो? घरात माझ्या शब्दाला काडीची किंमत हाय का न्हाय?

आई शांतपणे म्हणाली, "नवी वस्तू हाय, आप्पा. आजच्या दिवशी पूजा न करता लावत्यात व्हय?"

"अगं, बोटाचं तेल लागलं की फुटतंय त्ये."

"तेल कुठं लावलंय? हळदकुंकू तर हाय."

यावर मी डोक्यावर हात मारून घेतला. मग हातमोजे घातले आणि स्पिरिटच्या बोळ्यानं बल्ब पुसत बसलो. पुसता पुसता घरातल्या अडाणीपणावर भाषणही केलं. बल्ब बसवला, बटण दाबलं. हा बल्ब सावकाश पेटतो. हळूहळू उजेड चढला आणि टाकी निळीशार झाली. मला तर भरून आलं. वाचली माझी पोवळी!

तेवढ्यात बायकोनं बातमी आणली, आई जेवायला बसत नाहीत. मांडलेली पूजा लेकानं पुसली, आता घास कसा उतरायचा, असं म्हणतायत. सणाच्या दिवशी आई उपाशी! वाईट वाटलं, पण रागही गेला नव्हता. म्हटलं, ठीक आहे, पूजाही होईल आणि बल्बही राहील, फक्त डोकं वापरायला पाहिजे. ते घरात मला एकट्यालाच असल्यामुळं मीच पुढं झालो.

"आई, तू लांबच थांब. हात न लावता पूजा कशी करायची ते बघ."

तांब्यात झेंडूचं फूल बुडवलं आणि पेटलेल्या बल्बावर लांबूनच, भक्तिभावानं, पाणी शिंपडलं.

फट्ट!

काचा टाकीत, मासे खडकाच्या मागं, मी सोफ्याच्या मागं. बायकोनं धावत जाऊन मेन स्विच बंद केला. आईनं एकदा बल्बाकडं आणि एकदा माझ्याकडं बघितलं.

"म्या हात न्हाय लावला," एवढंच म्हणाली आणि जेवायला बसली. चांगल्या दोन पोळ्या खाल्ल्या!

दसऱ्याला दुकान बंद. नवा बल्ब येईपर्यंत माझी पोवळी गल्लीतल्या मंडळाच्या उसन्या फोकसवर जगली. मंडळाच्या पोरांनी बल्ब कसा गेला म्हणून विचारलं, तेव्हा मी कंपनीला चार शिव्या हासडल्या.

सुट्टी संपून कॉलेज उघडलं. मी पीयूसीला, म्हणजे तुमच्या अकरावी-बारावीला, फिजिक्स शिकवतो. त्या दिवशीचा धडा होता, तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती का तडकते. मी फळ्याकडं तोंड करून म्हणालो, "हा धडा सोपा आहे, घरीच वाचा."