दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या

अगं, दारात उभी राहून काय बोलतेस, ये, अशी माझ्याजवळ बस. आणि आधी ती कैची खाली ठेव. अमरावतीला फॅशन डिझाइनच्या वर्गाला जाऊन सहा महिने झाले तुला, अजून कापड हातात धरून कापतेस? आमच्या खालांनी पाहिलं असतं तर हातातून काढून घेतलं असतं.

खाला म्हणजे माझ्या शिवणाच्या बाई. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांच्या पुढच्या खोलीत आठ मशिनी होत्या. पहिला महिनाभर त्या कुणालाच कापडाला हात लावू देत नसत. उर्दू वर्तमानपत्रांवर आखायचं आणि तेच कापायचं. कुणी कुरकुरलं की म्हणायच्या, "कागद बिघडला तं रद्दी झाली बेटी. कपडा बिघडला तं कोणाची तरी ईद गेली."

मी तेव्हा चाळिशीला टेकलेली. इथे तिवशाला आपली कपाशी लागोपाठ दोन वर्षं हातची गेली होती. तुझे काका म्हणाले, "पेरणीपर्यंत शिकून घे. नाही जमलं तं..." ती मुदत मनात धरून मी अकोल्याला भावाकडे राहिले. रोज वाटायचं, या वयात काय जमणार.

चौथ्या महिन्यात खालांनी मला पहिलं गिऱ्हाईक दिलं, आणि तेही नवरीचं ब्लाउज. शालूतलंच कापड, त्याला काठ अगदी मोजका. तो वाचवायच्या नादात मी कापड दुहेरी न घालता एकेक बाही वेगळी कापली, आणि दुसऱ्या वेळी कागद उलटवायचाच राहिला. दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या झाल्या, पुढचा खोलगट काप दोन्हींना एकाच बाजूला. लग्न तिसऱ्या दिवशी.

खालांनी बाह्या एकीवर एक ठेवल्या. "किती सारख्या कापल्या व तुनं," म्हणाल्या.

"जोड लावतो, खाला."

"लावू ना. पण आधी नवरीच्या मायले सांगून ये. आपली चूक आपल्या तोंडानं सांगाची. मंग मशीन."

"त्या कपडा परत नेतील. मंग मले कोण देईन काम?"

"नेतील तं नेतील."

मोर्णा नदीचा पूल ओलांडताना बाह्यांची पिशवी छातीशी धरली होती. नवरीची आई तांदूळ निवडत बसली होती. तिनं बाह्या उलटसुलट करून पाहिल्या.

"खालानं पाठवलं का तूच आली?"

"खालानं."

"जोड दिसन का?"

"हात वर केला तं दिसन."

"हार घालाले हात वर करनच ना पोरगी." तिनं बाह्या माझ्या हातात परत ठेवल्या. मग म्हणाली, "लाव. पण बारीक लाव."

एका बाहीला मागच्या बाजूनं बोटभर जोड लावला, पुढून तेवढंच छाटलं. दोनदा उसवलं, तेव्हा खालांच्या मनासारखं झालं. लग्नाला गेले, पण अक्षता मुठीतच राहिल्या. माझी नजर नवरीच्या बगलेवर. तिनं हात वर केले, हार घातला. कुणाला काही दिसलं नाही. मग मी मुठीतल्या अक्षता टाकल्या, सगळ्यांच्या नंतर.

आठ दिवसांनी तीच बाई धाकट्या मुलीचं कापड घेऊन वर्गात आली आणि खालांसमोर मला म्हणाली, "हे तुलेच देतो. बिघडलं तं तू सांगशीन तरी." त्याच संध्याकाळी खाला म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नको. गावी जाऊन दुकान टाक." पेरणीला अजून महिना होता. त्या दुकानावर घर चाललं, दोन्ही मुलं शिकली.

आता त्यांचा वर्ग बंद आहे. गेल्या महिन्यात भेटले तर पलंगावरच होत्या, दोन वाक्यांनंतर धाप लागत होती. तरी विचारत होत्या, "नव्या पोरी काय शिकून राहिल्या, कोणी सांगतच नाही मले." मला काय सांगता येणार? ते तूच सांग. तुझी चित्रांची वही घेऊन या रविवारी ये, दोघी अकोल्याला जाऊ. परीक्षा झाल्यावर येते म्हणू नकोस, काकूचं ऐक. लवकर ये.