आबांचा खोटा खोकला

माझ्या वडिलांना मी भाऊ म्हणायचे. काका त्यांना भाऊ म्हणत, आत्या म्हणत, म्हणून मीही. आमच्या रावेरकडच्या केळी-कापसाच्या घरांत तेव्हा पोरांना स्वतःचा असा बाप नसायचाच. सगळ्यांत वाटून घेतलेला एक भाऊ असायचा. थोरांसमोर आपलं पोर हातात घेणं म्हणजे निव्वळ निर्लज्जपणा. काका मला खांद्यावर घेऊन गावभर मिरवत. आत्या माहेरी आली की तिच्या मुलाला भाऊ मांडीवर घेऊन घास भरवत, आणि मी समोर जाऊन उभी राहिले की उपरण्याशी चाळा करत बसत. ही पोरगी कोणाची, असं कोणी विचारलं तर म्हणत, आबांची नात.

मला वाटे, आपण यांना आवडत नाही. मी काळी, आत्याचा मुलगा गोरा, एवढं मला त्या वयातही कळत होतं.

आबा म्हणजे माझे आजोबा. संध्याकाळी ते ओट्यावर बसलेले असत. एकदा मी सरळ त्यांनाच जाऊन विचारलं, की भाऊ मला का घेत नाहीत. आईनं ऐकलं असतं तर पाठीत धपाटा बसला असता. आबा कमी बोलणारे.

"मी इथी बसेल हाये ना, म्हणून," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आबांनी टोपी घातली आणि ते मारुतीच्या पारावर जाऊन बसले. मग रोजच जाऊ लागले. ओट्यावरची ती जागा त्यांची वर्षानुवर्षांची, ती त्यांनी माझ्यासाठी सोडली. परतताना गल्लीच्या तोंडापासून मोठमोठ्यानं खोकत येत. खोकला कानावर पडला की भाऊ मला मांडीवरून उतरवत आणि कंदिलाची काच पुसायला घेत. तोवरचा वेळ माझा. आपल्या केळीनं भरलेल्या रेल्वेच्या वाघिणी कुठं कुठं जातात ते भाऊ मला सांगत. दिल्लीचे लोक केळं सालासकट खातात, हे त्यांनी मला अगदी शपथेवर पटवलं होतं. त्यांच्या सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग असत, कितीही धुतले तरी न जाणारे. त्या सदऱ्यात नाक खुपसून बसलं की मला दुसरं काही नको असे.

इकडे घराला आबांच्या खोकल्याची काळजी लागली. आईनं अडुळशाचा काढा सुरू केला. चोपड्याहून आत्यानं मध पाठवला, तो आईनं सणासुदीला म्हणून ठेवून दिला. छाती ठणठणीत असलेला म्हातारा रोज पेलाभर कडू काढा मुकाट्यानं पीत असे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खोकत येत असे. भाऊंना सगळं कळत होतं. पण बापलेकांत असलं काही बोलायची रीतच नव्हती.

आबा गेले तोवर मी मोठी झाले होते. आता भाऊंना कोणाची आडकाठी नव्हती, पण माझं मांडीवर बसायचं वय सरलं होतं. देवानं इतकी चेष्टा करू नये. ओट्यावरची जागा भाऊंकडे आली. काकांना नुकतीच मुलगी झाली होती, आणि थोरल्या भावासमोर काका तिच्याकडे ढुंकूनही पाहत नसत. एका संध्याकाळी भाऊंनी टोपी घातली आणि ते पाराकडे निघाले. येताना खोकत आले. काकू लगबगीनं परसात अडुळसा तोडायला गेली. मी आत तोंडात परकराचा बोळा कोंबून हसत होते, आणि हसता हसता मला आबांसाठी रडू आलं. त्या तान्ह्या पोरीचा मला मनापासून हेवा वाटला.

पुढं लवकरच माझं लग्न झालं. सासर दोंडाईच्याचं, भुसावळला गाडी बदलून जायचं. आमच्या स्टेशनला फलाट म्हणजे मुरूम टाकलेली जमीन, आणि डब्याची पायरी उंच. अंगावर शालू, पदरात भरलेली ओटी, मला काही केल्या चढता येईना. गार्डानं शिट्टी दिली. मामा पुढं सरसावले. भाऊ सगळ्यांच्या मागं उभे होते, तिथून ते वाट काढत आले. आबांचे धाकटे भाऊ, गावातले थोर, सासरची मंडळी, सगळी बघत होती. भाऊंनी मामांना हातानं बाजूला केलं.

"माही पोर हाये," भाऊ म्हणाले, आणि लहान पोराला उचलावं तसं मला उचलून त्यांनी डब्यात ठेवलं.

इतकी वर्षं ज्यासाठी झुरले ते चारचौघांत मिळालं, ते मला लांब धाडताना. गाडी हलली. मी त्यांचा हात सोडला नाही. भाऊ डब्याबरोबर चालत राहिले, कोणीतरी त्यांना मागं ओढेपर्यंत.